एका तावाची कडी

ओकडेन कंपनीच्या शंभरीचं पुस्तक निघालंय. गुळगुळीत कागद, निळं कव्हर आणि सातव्या पानावर साखळीचा फोटो. खाली छापलंय, ‘संस्थापक जेबेझ ओकडेन यांनी १८३६ साली स्वहस्ते घडवलेली पहिली साखळी. शताब्दी समारंभात तिची जाहीर चाचणी घेण्यात आली.’ घेण्यात आली खरी. पुढे काय झालं ते मात्र छापलेलं नाही. मी तिथं चार हातांवर उभी होते, म्हणून मी सांगते.

अठ्ठेचाळीस पानांत आम्हा बायकांना एक पान मिळालंय, आणि त्यातल्या फोटोत माझे डोळे मिटलेत. बाकी सगळं जेबेझपुराण. जेबेझ आधी खिळे करायचा, मग त्याला साखळीचा नाद लागला, त्याने क्रॅडली हीथला तीन भट्ट्यांची शेड घातली, मग मुलं, मग नातू, मग जहाजांचे नांगर, मग गोदीच्या याऱ्या. बारीक साखळी मात्र घरोघरच्या बायकांनी परसातल्या भट्टीवर केली, पोरं टोपलीत निजवून. त्याला पुस्तकात ‘सहाय्यक उत्पादन’ म्हटलंय. म्हणोत बापडे. वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही.

तर ती पहिली साखळी. तीन यार्डांची, करंगळीएवढ्या जाड सळईची. कचेरीत घड्याळाच्या वर दोन खिळ्यांवर टांगलेली असायची. ती कंपनीचं दैव आहे, असं सगळे मानायचे. नवा कारागीर कामावर आला की त्याला आधी तिच्याखाली उभं करायचे. दर व्हिटसनच्या सणाला तिला तेल लागायचं, आणि ते लावायचा मान माझ्या बापाचा. बाप म्हणजे होसिया ट्रोमन्स. पहाटे कचेरीची शेगडी पेटवायचा, म्हणून कचेरीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्या किल्लीनंच घात केला.

मी झिला. वय एकोणसाठ, अजून ओकडेनच्या बायकांच्या शेडमध्ये ऐरणीवर उभी राहते. माझी आई केटुरा एक्याऐंशीची. साठ वर्षं तिनं साखळी केली. डावखुरी बाई, त्यामुळे तिच्या कडीचा जोड इतरांच्या उलट्या अंगाला बसायचा. चाचणीघरात तिची कडी कधी उघडली नाही. एकही नाही. आमच्या गल्लीत बायका एकमेकींना टोमणा मारायच्या, “मोठी आली केटुरा!”

एप्रिलच्या शेवटी छोटे मालक आमच्या शेडमध्ये आले. लायनेल ओकडेन, जेबेझचा पणतू. पोरगा वाईट नाही, पण उत्साह उतू जातो. पेटीवर उभा राहून ओरडला, “बायांनो! व्हिटसनच्या शनिवारी शंभरीचा समारंभ. लिव्हरपूलच्या गोदीची माणसं येणार. आणि आपण काय करणार माहितेय? पणजोबांची साखळी चाचणीच्या यंत्रावर चढवणार. सगळ्यांसमोर ओढणार! शंभर वर्षांची साखळी, अजून अभंग!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली सांडशी खाली पडली.

“काय झालं झिला, आनंद झाला का?” शेजारच्या ऐरणीवरची म्हणाली.

“भाजलं,” मी म्हटलं.

कारण त्या साखळीतली एक कडी जेबेझची नव्हती. माझ्या आईची होती. हे जगात आता दोघींनाच ठाऊक होतं, आई आणि मी. आणि ती कडी बरोबर जुळली होती की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आता अठराशे त्र्याण्णव सालचं सांगते. व्हिटसनचा सोमवार, सगळीकडे सुट्टी, भट्ट्या गार. मी सोळा वर्षांची. जोबकाका, म्हणजे बापाचा भाऊ, कोळशाची गाडी चालवायचा. त्याचा घोडा बिशप. हा बिशप माशा उठल्या म्हणून दोर तोडून पळाला आणि विटांच्या मातीच्या खाणीत जाऊन पडला. पोटापर्यंत चिखलात रुतला. जोबकाका रडत आमच्या दारात आला. घोडा गेला असता तर त्याच्या घरची चूल विझली असती. चार घोडे आणि दहा माणसं ओढायला तयार होती, पण दोर दोनदा तुटला. साखळी हवी होती. अख्ख्या इंग्लंडच्या साखळ्या करणारं गाव, आणि त्या दिवशी एक साखळी मिळेना! गोदामाची किल्ली गोदामवाल्याच्या खिशात, आणि तो सहलीला गेलेला.

बापाकडे होती फक्त कचेरीची किल्ली.

“होसिया, ती साखळी देवाची आहे रे,” आई म्हणाली.

“देव घोड्यासाठी नाही म्हणायचा नाही,” बाप म्हणाला आणि गेला.

बिशप निघाला. चिखलाचा गोळा होऊन निघाला, पण जिवंत निघाला. मात्र शेवटच्या हिसक्याला साखळीची एक कडी आ करून उघडली. बाप ती साखळी कोटाखाली लपवून परसात आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मंगळवारी सकाळी कचेरी उघडणार. कचेरीतली वस्तू बाहेर नेली, आणि तीही ही! त्याला हाकललं असतं, आणि क्रॅडलीत ओकडेननं हाकललेल्याला कुणी दारात उभं करत नाही.

आई नऊ महिन्यांची पोटुशी. तिनं साखळी हातात घेतली, उघडलेली कडी पाहिली, आणि एवढंच म्हणाली, “झिला, भाता.”

लोखंड कुठलं घ्यायचं? घरात होतं ते कामाचं, वजन करून दिलेलं. त्यातलं वीतभर जरी कमी झालं तरी दलाल बोंब मारणार. आईनं घरात जाऊन शेगडीतला विस्तव ढोसायची सळई आणली. चांगल्या लोखंडाची होती, तिच्या लग्नात मिळालेली. तिचा तुकडा तोडला. तेव्हापासून आमच्या घरची सळई आखूड आहे, आणि विस्तव सारताना माझ्या हाताची बोटं भाजतात, ती आजपर्यंत.

कोळसाही धड नव्हता. तळाची भुकटी होती, तीच पेटवली. आईनं सळई वाकवली, दोन्ही शेजारच्या कड्यांत ओवली, टोकं एकावर एक आणली आणि ताव दिला. पांढरा झाला, ठिणग्या उडाल्या, तिनं पाच घाव घातले. आता नेम असा, की पहिल्या तावात जोड धरतो आणि दुसऱ्या तावात तो पक्का होतो. दुसरा ताव दिल्याशिवाय आई कधी कडी हातावेगळी करायची नाही. ती कडी पुन्हा विस्तवात घालणार, इतक्यात कुंपणाकडून आवाज आला.

“केटुरा! सुट्टीच्या दिवशी तुमच्या भट्टीला धूर कसला गं?”

मर्सी हॅकेट. शेजारीण. नाव मर्सी, पण दया म्हणून काही नव्हती. तिला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत चॅपलला कळलं.

आईनं साखळी राखेत लोटली आणि पोट धरून ओरडली, “आई गं! पाणी तापवतेय मर्सी, कळा यायला लागल्यात!”

झालं! मर्सी धावली ती सुईणीलाच घेऊन आली. आईला आत नेऊन पलंगावर घातलं. दोन तास ती बाई खोट्या कळा देत कण्हत होती, मर्सी तिचा हात धरून बसली होती, आणि परसात विस्तव विझत होता. सुईण शेवटी म्हणाली, “खोट्या कळा आहेत, असं होतं कधी कधी.” खोट्याच होत्या, त्यात काय शंका! त्या गेल्या तेव्हा भट्टीची राख झाली होती, आणि पुन्हा धूर काढायची सोय नव्हती. बापानं कडीला मिठाचं पाणी लावून गंज आणला, वरून तेल आणि काजळी चोळली, आणि पहाटे साखळी होती तिथं टांगली. खाणीवरच्या माणसांनी चिखलानं माखलेली साखळी पाहिली होती, पण ती कुठली हे कुणाला कळलं नाही. माझा भाऊ पुढं नऊ दिवसांनी झाला, तेव्हा मर्सीनं यायलाच नकार दिला.

बाप वाचला. पण आईच्या मनातून ती कडी गेली नाही. तिनं केलेली प्रत्येक कडी यंत्रावर ताणली गेली होती. फक्त हीच भिंतीवर लटकत होती, न ताणलेली, एका तावाची. अंथरुणाला पाठ लागली की ती अंधारात बोलायची, “होसिया, लागला असेल का रे जोड?” आणि बाप कूस वळवून म्हणायचा, “लागलाय गं. झोप आता.” रोज. पातळ भिंतीतून मला ऐकू यायचं. मग ती झोपायची.

बाप एकोणतीस साली गेला. त्यानंतर ती नीट झोपलेली मी पाहिली नाही.

म्हणून लायनेल पेटीवरून ओरडला तेव्हा मला आधी आई आठवली. मी ठरवलं, आईला कळू द्यायचं नाही. पण क्रॅडलीत एखादी गोष्ट लपवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. घरी गेले तर ती खिडकीशी बसलेली, डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर हात.

“यंत्रावर चढवणार म्हणे,” ती म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“सगळे म्हणतायत. एकच ताव दिला होता गं मी.”

“आई, ती टिकेल.”

“तुला काय माहीत? तू भाता हलवत होतीस.” मग जरा थांबून म्हणाली, “मला बघायचंय.”

मी विचार केला, ही कडी सगळ्यांसमोर उघडली तर ही बाई तिथंच मरेल. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. छोट्या मालकाला सांगणार होते, काय वाटेल ते होवो.

“मालक, ती साखळी ओढू नका.”

“का?”

मी वर पाहिलं. घड्याळाच्या वर साखळी, आणि शेजारच्या भिंतीवर जुन्या नोकरांचे फोटो. त्यात माझा बाप, ‘चाळीस वर्षे निष्ठावान सेवा’ असं खाली लिहिलेलं.

“जुनी आहे,” मी म्हटलं.

“म्हणून तर ओढायची!” तो हसला. “अहो झिला, पणजोबांची साखळी तुटेल होय?”

मी घरी आले आणि रागानं आखूड सळईनं विस्तव असा ढोसला की बोटं पुन्हा भाजली. आई म्हणाली, “सांगितलं नाहीस ना? बरं केलंस. सांगायचं असलं तर मी सांगेन. चॅपलची चाकांची खुर्ची मागून ठेव.”

शनिवार उजाडला. चाचणीघरात पताका लावल्या होत्या, लिव्हरपूलची माणसं टोप्या काखेत धरून उभी होती, आणि एका टेबलावर डुकराचे उकडलेले पाय आणि बिअर. आमच्या शेडमधल्या बायका स्वच्छ एप्रन बांधून मागं. मी आईला यंत्रापासून चार हातांवर आणलं. कुणी हटकलं नाही. केटुरा ट्रोमन्सला क्रॅडलीत कोण हटकणार?

परीक्षक होते मिस्टर गॅरट. माणूस सत्तरीचा, मोजकं बोलणारा. तीस वर्षं आईच्या साखळ्या त्यांनीच तपासल्या होत्या. ओढण्याआधी ते छोटी हातोडी घेऊन एकेक कडी वाजवत निघाले. टण्, टण्, टण्. साखळीच्या मध्याशी आले आणि थांबले. कडी उलटी केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अंगठा जोडावरून फिरवला. मग मान वर करून त्यांनी सरळ माझ्या आईकडे पाहिलं.

मला वाटलं, संपलं. आईनं नजर खाली घेतली नाही.

“काही गडबड?” लायनेलनं विचारलं.

“नीट वाजते आहे,” गॅरट म्हणाले आणि पुढच्या कडीला गेले.

यंत्र सुरू झालं. साखळी ताठ झाली, कुरकुरली. गॅरट काटा वाचत होते. “एक टन. दोन. अडीच. तीन.” या जाडीच्या साखळीला तीन टन म्हणजे पास. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. “तीन टन, टिकली,” गॅरट म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटलो बाई, म्हटलं.

पण सुटतोय कसले! लिव्हरपूलच्या पाहुण्यांत एक जाड मिशांचा होता, तो म्हणाला, “आता तोडूनच दाखवा की, मिस्टर ओकडेन. कितीला जाते बघू.”

आणि आमचा उत्साही पोरगा म्हणाला, “का नाही!”

“मेल्या,” मी म्हटलं. बहुधा मोठ्यानं.

“साडेतीन. चार,” गॅरट म्हणाले. “सव्वाचार—”

धाडकन आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले. लोखंड फरशीवर पडल्याचं ऐकू आलं. डोळे उघडले तर लायनेल पांढराफटक, पाहुणे एकमेकांकडे बघतायत, आणि गॅरट खाली वाकलेले. त्यांनी तुटलेली कडी उचलली.

ती मधली नव्हती. टोकाकडची होती, सहावी की सातवी. जेबेझची.

गॅरटनं ती उजेडात धरली. जोड उघडा पडला होता, आणि आतून अर्धा काळा. “हा जोड कधी लागलाच नव्हता,” ते म्हणाले. “वरून चिकटलाय, आत गार. शंभर वर्षं असाच.”

“पण पणजोबा...” लायनेल अडखळला. “ही त्यांची पहिली साखळी. त्यांनी ती जपून ठेवली...”

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. “अरे पोरा, विकण्याजोगी असती तर विकली असती! जेबेझ ओकडेन वाकलेला खिळा सरळ करून वापरायचा. तो धड साखळी भिंतीला लावेल होय? कुणी घेतली नाही म्हणून टांगली असेल.”

आधी मिशांचा पाहुणा हसला, मग आमच्या बायका, मग लायनेलही, जरा उशिरानं. कंपनीचं दैव म्हणजे नापास माल! शंभर वर्षं आम्ही त्याच्याखाली टोप्या काढून उभे राहत होतो.

मी आईच्या कानाशी वाकले. “चल आता घरी. तुझी टिकली. झालं ना?”

“नाही झालं,” ती म्हणाली. आणि मोठ्यानं, “मिस्टर गॅरट, मधली कडी कुणाची आहे ते तुम्ही ओळखलंत ना?”

“ओळखली, केटुरा. जोड डाव्या अंगाला आहे.”

मग तिनं सांगितलं. सगळं. घोडा, किल्ली, चिखल, सळई, मर्सी, खोट्या कळा. एक शब्द वगळला नाही. माझ्या बापाचं नाव घेताना तिचा आवाज जरा बसला, बाकी नाही. मागं कुणीतरी फुसकन हसलं, बहुतेक मर्सीची सूनच.

लायनेल कानांपर्यंत लाल झाला. मी मनात म्हटलं, आता काढतो माझ्या बापाचा फोटो भिंतीवरून. तो म्हणाला, “आणि घोडा?”

“अकरा वर्षं जगला,” आई म्हणाली. “नंतर म्हातारपणानं मेला.”

“मग होसियानं त्या साखळीचा एकुलता एक उपयोग केला म्हणायचा,” लायनेल म्हणाला. मी त्या पोराला तिथल्या तिथं सगळं माफ केलं, ते पेटीवर चढून ओरडणंसुद्धा.

“आता माझी ओढा,” आई म्हणाली.

“आई!”

“गप गं. सव्वाचारला उघडली नाही म्हणजे लागली असं नाही. अर्धी धरली असेल तरी तेवढं सोसते. एकच ताव दिला होता. मला नक्की कळायला हवं.” ती गॅरटकडे वळली. “पाच कड्या तोडून घ्या. मधे माझी. शेवटपर्यंत ओढा.”

मला रडू आलं, आणि राग. एवढं सुटून आल्यावर पुन्हा स्वतः होऊन फासात मान घालणारी बाई! पण माझ्या मनाला तिचं म्हणणं पटत होतं. कडी ताणल्याशिवाय कळत नाही, हे तिनंच मला शिकवलेलं.

गॅरटनं छिन्नी मागवली. पाच कड्या यंत्रावर चढल्या. आता पाहुणे, बिअर, पताका, कुणालाच काही आठवत नव्हतं. आमच्या बायका पुढं सरकल्या.

“चार. साडेचार. पाच.” कड्या लांबट व्हायला लागल्या. “साडेपाच. सहा.” आई पुटपुटत होती, मला फक्त बापाचं नाव ऐकू आलं. “सव्वासहा. साडेसहा—”

पुन्हा धाडकन. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते. मधली कडी तुटली. आईची.

पाहुण्यांतून हळहळ उठली. लायनेलनं टोपी काढली, जणू कुणी गेलं. मिशांचा माणूस म्हणाला, “बिचारी.” मी आईकडे बघू शकले नाही.

गॅरट मात्र खाली वाकले, कडी उचलली, आणि त्या माणसाच्या तोंडावर तीस वर्षांत पहिल्यांदा मी दात पाहिले. ते थेट आईकडे आले आणि कडी तिच्या मांडीवर ठेवली.

“बघ,” ते म्हणाले.

आईनं कडी उचलली. तिची नजर आता अधू आहे, म्हणून तिनं अंगठ्यानं पाहिलं. आधी जिथं तुटली ती कड. मग वळून पलीकडे, जोडाच्या जागी. जोड जागच्या जागी होता, भरीव, हाताला लागत नव्हता. कडी तुटली होती समोरच्या अंगाला, जिथं अख्खं लोखंड होतं तिथं.

“लोखंड गेलं,” आई हळूच म्हणाली. “जोड नाही गेला.”

आणि आमच्या शेडमधल्या बायकांनी जो कल्ला केला! एप्रन उडवले, कुणी डुकराचा पाय उंच धरून नाचवला. लिव्हरपूलची माणसं बावचळून बघत राहिली. तुटलं तर हसतायत काय ह्या? लायनेलला गॅरटनं समजावलं. कडीत लोखंड हरलं आणि जोड जिंकला, तर कारागिरानं आणखी काय करायचं असतं? पोराला समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा तोही ओरडला. मी आईच्या खुर्चीपाशी फरशीवर बसून घळाघळा रडले. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

पुस्तकात हे घातलं नाही, तेही खरं तर लायनेलमुळं नाही. त्याला घालायचं होतं. त्याच्या आईनं, थोरल्या मालकिणीनं, नको म्हटलं. जेबेझची लाज. राहू दे म्हटलं मी. भिंतीवर दोन खिळे रिकामे आहेत, नव्या कारागिराला आता घड्याळाखालीच उभं करतात. माझ्या बापाचा फोटो आहे तिथंच आहे. सोमवारी कंपनीतून एक नवीन सळई आली, लांब, मुठीला पितळ लावलेली. आईनं ती बघून नाक मुरडलं. “वाकवलेली मूठ वाकडी आहे,” म्हणाली. पण वापरतो आम्ही.

त्या शनिवारी घरी आलो तेव्हा ती दमली होती. वाटाणे आणि पाव खाल्ला, चहा प्याली, कडी सोडायला तयार नाही. मी तिला अंथरुणावर घातलं, पांघरूण नीट केलं. मग मला वाटलं, सात वर्षं हे कुणी म्हटलेलं नाही, तर म्हणावं.

“लागलाय गं आई,” मी म्हटलं. “झोप आता.”

“माहितेय मला,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी ती उठेना. चॅपलची घंटा होऊन गेली. मी घाबरून वर गेले आणि नाकाशी हात धरला. ती मस्त घोरत होती.